आवाजाला आधी वाट

तात्याराव : नाही म्हणजे नाही. हिंमतरावांना मी आत्ता फोन करतो. चांगल्या शब्दांत सांगतो, पण नकार सांगतो.

निकिता : फोन करा तात्या, पण थोडा वेळ थांबा. अकराला राकेशचा कॉल आहे. एकदा त्याच्याशी पुन्हा बोला. मग स्थळ आणणाऱ्या तुमच्या मित्राला काय सांगायचं ते सांगा.

तात्याराव : मागच्या रविवारी बोललो की. तेवढ्यात माणूस कळतो.

निकिता : तेवढ्यात तुम्ही माझं लग्न मोडलंत.

तात्याराव : ठरलंच नव्हतं, मोडेन कसं? आणि तू टेबलाखाली शिरून काय करतेयस? बाहेर येऊन भांड. मला फक्त तुझे तळपाय दिसतायत. तळपायांशी काय वाद घालायचा?

निकिता : वायर लावतेय. चेतनदादाचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढलाय.

तात्याराव : तो बंद पडलाय.

निकिता : काल चालू केला. बुधवार पेठेतून नेटवर्कचं एक कार्ड आणून बसवलं. आता सांगा, राकेशने असं काय केलं? आठवडा झाला, तुम्ही नुसतं 'मला कळलंय' एवढंच म्हणताय.

तात्याराव : सांगतो. मी त्याला एक सरळ प्रश्न विचारला. म्हटलं, 'बाबा रे, माझी मुलगी इथे इंजिनिअर आहे, तिचं इथे चांगलं चाललंय. तुझं म्युनिकचं काम संपलं, की तू तिच्यासाठी पुण्याला परत येशील का?' हो किंवा नाही, एवढंच उत्तर. आणि हा गप्प. पडद्यावरून नुसता माझ्याकडे बघत बसला. मग म्हणतो, 'हो काका, येईन.'

निकिता : म्हणजे हो म्हणाला.

तात्याराव : थांबून हो म्हणाला. निकिता, उभा जन्म मी महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढला. घरोघरी जाऊन विचारायचो, 'नळाला मोटार लावलीये का?' ज्याच्या घरात मोटार नसते तो तिथल्या तिथे अंगावर येतो. ज्याच्या घरात असते तो आधी आवंढा गिळतो, मग गोड आवाजात 'नाही हो साहेब' म्हणतो. आवंढा गिळणारा एकही माणूस खरा निघालेला नाही.

निकिता : आणि तेवढ्यावरून राकेश खोटा?

तात्याराव : चांगला दोन आवंढे गिळून होतील एवढा थांबला. आणि एकदा नाही. पगार विचारला, थांबला. दारू पितोस का विचारलं, थांबला. शेवटी मी म्हटलं, 'जेवलास का?' त्यालाही थांबला. जेवणात लपवण्यासारखं काय असतं?

निकिता : तात्या, तुम्हीच नीट ऐका तुम्ही काय म्हणालात. जेवलास का, यालासुद्धा माणूस विचार करून उत्तर देईल का?

तात्याराव : सवय लागली असेल त्याला.

निकिता : किंवा लाइनला उशीर लागत असेल.

तात्याराव : लाइनचं निमित्त तुझ्या पिढीला बरं सापडलंय. आमच्या वेळी पोस्टाचं होतं. बरं, तुझी आई कुठे गेली सकाळपासून?

निकिता : वारज्याला. सुशीलाबाईंकडे.

तात्याराव : राकेशच्या आईकडे? मी इथे नकार द्यायला बसलोय आणि ही तिकडे चहा पितेय?

निकिता : ती म्हणाली, 'तुझे वडील इकडून मोडायला निघालेत, मी तिकडून धरून बसते.'

तात्याराव : नंदाचा मला फार आधार आहे तो असा.

निकिता : तात्या, आता टेबलाखालून बाहेर आलेय, तर तोंडावरच सांगते. मला राकेश आवडलाय. चार महिने आम्ही एकमेकांना लिहितोय, तुम्हाला माहीत आहे. मला त्याच्याशी लग्न करायचंय. हे बोलायला लाज वाटत होती म्हणून आठवडाभर वायरी ओढत बसले.

तात्याराव : हे मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुला? माहीत होतं म्हणूनच तर जास्त बारकाईने बघितलं. आवडला नसता तर मी कशाला त्याचे आवंढे मोजत बसलो असतो?

निकिता : मग तेवढ्याच बारकाईने लाइनही बघू या. उशीर त्याचा होता की लाइनचा, एवढंच.

तात्याराव : लाइनचा असेल तर वरच्या शौनकचा. तरी मी म्हणत होतो, दिगंबररावांबरोबर भागीदारीत इंटरनेट घेऊ नका. एक लाइन, दोन घरं, आणि त्यांचा मुलगा दिवसरात्र सिनेमे उतरवतो. मी आत्ताच्या आत्ता जिन्यात पाटी लावतो. 'रविवारी सकाळी अकरा ते बारा इंटरनेट वापरू नये. कारण विचारू नये.'

निकिता : मागच्या रविवारी शौनक इथे नव्हता.

तात्याराव : कशावरून?

निकिता : त्याच्या बहिणीचा, सलोनीचा, साखरपुडा होता. वरचे सगळे साताऱ्याला गेले होते, घराला कुलूप. त्यांचं दूध आपण घेतलं.

तात्याराव : हो. नंदाने त्याचं दही लावलं. आंबट झालं होतं.

निकिता : मग वर माणूस नाही, कॉम्प्युटर बंद, लाइनवर फक्त आपलं घर. मी स्वयंपाकघरात, कारण तुम्ही म्हणालात 'मुलीने बैठकीत बसायचं नसतं'. म्हणजे लाइनवर तुम्ही एकटे. त्या वेळी तुम्ही कॉम्प्युटरवर आणखी काही करत होतात का?

तात्याराव : काही नाही. बोलत होतो.

निकिता : बोलता बोलता?

तात्याराव : बोलता बोलता रीतीप्रमाणे वागत होतो.

निकिता : म्हणजे काय ते सांगा.

तात्याराव : अगं, मुलाकडचे घरी आले की काय करतो आपण? पोहे देतो, चहा देतो, आणि मग घरातला लग्नाचा अल्बम त्यांच्या हातात ठेवतो. बघत बसतात, बोलायला विषय मिळतो. हा काका, ही मावशी. आता हा म्युनिकमध्ये. पोहे तर पाठवता येत नाहीत. म्हणून चेतनच्या लग्नाचे फोटो पाठवायला लावले. 'जयभीम' झालं, तब्येतपाणी झालं, आणि मी बटण दाबलं.

निकिता : कुठले फोटो? चेतनदादाने नव्या कॅमेऱ्याने काढून घेतलेले?

तात्याराव : सगळे. निवडत कुठे बसू? एखादा मामा राहिला तर आयुष्यभर ऐकावं लागतं.

निकिता : लहान करून?

तात्याराव : लहान का करायचे? माणसं दिसायला नकोत?

निकिता : तात्या, इथे बसा. खुर्ची ओढून घ्या. पडद्यावर ही काळी खिडकी दिसतेय? मी आता हिंजवडीला माझ्या ऑफिसमधल्या एका मशीनला हाक मारतेय. ती 'ओ' देते. प्रत्येक ओळ म्हणजे एक हाक आणि एक ओ. हा शेवटचा आकडा म्हणजे ओ यायला लागलेला वेळ.

तात्याराव : लगेच देतेय की. चांगल्या वळणाची दिसते.

निकिता : आता तुम्ही मागच्या रविवारसारखं करा. फोटो पाठवायला लावा. तसेच्या तसे.

तात्याराव : लावले. हा चेतन हार घालताना जातोय. हं, आकडा वाढला. अजून वाढला. हे काय, ओ यायचीच थांबली?

निकिता : येईल. वाट बघा.

तात्याराव : आली. चांगली जांभई देऊन आली.

निकिता : एवढाच थांबला होता ना राकेश?

तात्याराव : साधारण एवढाच.

निकिता : तुम्हीच सांगा तात्या, या मशीनला काय लपवायचंय? हिने कुठे मोटार लावलीये?

तात्याराव : फोटो थांबवू का?

निकिता : थांबवा. बघा, पुन्हा लगेच ओ. आपल्या लाइनवर बाहेरून येणारी वाट रुंद आहे, बाहेर जाणारी अगदी अरुंद. तुमचे फोटो एकदम धावले, मोडेममध्ये त्यांची रांग लागली. तुम्ही प्रश्न विचारलात तो त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. आख्खी पंगत पुढे सरकल्यावर तो म्युनिकला पोचला. राकेशने ऐकलं आणि तिथल्या तिथे उत्तर दिलं. त्याचं उत्तर रुंद वाटेने लगेच आलं. तुम्हाला इथून दिसलं ते असं, की हा माणूस नुसता बघत बसलाय. तो बघत नव्हता हो, ऐकायची वाट बघत होता.

तात्याराव : म्हणजे तो थांबलाच नव्हता.

निकिता : नाही.

तात्याराव : मी त्या पोराला फुकट खोटा ठरवला?

निकिता : हो.

तात्याराव : इतक्या पटकन हो म्हणायची गरज नव्हती.

निकिता : थांबून म्हटलं असतं तर तुम्हाला संशय आला असता.

तात्याराव : बरं झालं, हिंमतरावांना फोन नाही लावला. आता काय, फोटो पाठवायचे नाहीत, एवढंच ना? नाही पाठवत. मग हा माळ्यावरचा डबा कशाला मध्ये आणून ठेवलास?

निकिता : तुम्ही नाही पाठवणार, पण आज शौनक घरी आहे, आणि त्याचे सिनेमे उतरताना बाहेरही जात असतात. शिवाय आपलाच कॉम्प्युटर कधी मध्येच काही पाठवायला घेतो, विचारत नाही. नुसतं 'सगळ्यांनी नीट वागा' यावर आजचा कॉल सोडायचा नाहीये मला. मला हमी पाहिजे. तात्या, ऑफिसमध्ये मी हेच काम करते. दुसऱ्यांचे फोन अडकू नयेत म्हणून त्यांच्या लाइनी लावून देते. आणि माझ्याच घरी माझंच लग्न रांगेत अडकलं.

तात्याराव : बोल. हमी कशी देतेस?

निकिता : दोन्ही घरांतून जे बाहेर जाईल ते आधी या डब्यात येईल. डबा ते मोजून सोडेल. लाइन जेवढं नेऊ शकते, त्याहून थोडं कमीच.

तात्याराव : कमी का? बिल पूर्ण भरतो आपण.

निकिता : लाइन पूर्ण भरली की मोडेममध्ये रांग लागते. मोडेमच्या रांगेत मला काही करता येत नाही, जो आधी घुसला तो पुढे. थोडी मोकळी ठेवली की मोडेममध्ये कुणी साचतच नाही. थांबायचंय त्याला माझ्या डब्यात थांबू दे. इथे कोणाला पुढे सोडायचं ते मी ठरवते. आवाज आला की आधी आवाज. मग बाकीचे. फोटोंना, सिनेमांना ठरावीक वेगाने टोकन मिळणार. टोकन असेल तेवढेच पुढे जातील, संपलं की पुढच्या टोकनापर्यंत थांबतील.

तात्याराव : म्हणजे पूर्ण बिल भरून लाइन मुद्दाम रिकामी ठेवायची. दिगंबररावांना सांगितलंस हे? ते ऐकून आजारी पडतील.

निकिता : शौनकला सांगितलं. तो खूश आहे. त्याचा गेम अडकायचा थांबेल. ही वायर त्यानेच खिडकीतून खाली सोडली.

तात्याराव : थांब थांब. आमचा चढावरचा भाग होता एक. तिथे पाणी पोचायचं नाही. नवा साहेब आला की आधी म्हणायचा, 'व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.' पूर्ण उघडला की उतारावरचेच सगळं ओढून घ्यायचे आणि चढावर नळाला नुसती हवा. आम्ही उतारावरचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचो. उतारावरचे शिव्या द्यायचे, पण चढावर बादली भरायची.

निकिता : तेच करतेय मी.

तात्याराव : मग तसं सांगायचं ना. मघापासून टोकन टोकन काय लावलंयस, बँकेत बसल्यासारखं.

निकिता : चुकलं. व्हॉल्व्ह आवळलाय. आता फोटो पुन्हा पाठवा.

तात्याराव : पुन्हा? माझी हिंमत होत नाही.

निकिता : पाठवा. आणि ऑफिसच्या मशीनकडे बघा.

तात्याराव : पाठवले. ओ देतेय. लगेच देतेय. आणि फोटो? फोटोही जातायत की. चालतायत मागून, सावकाश. मामा आत्ता कुठे खांद्यापर्यंत पोचला.

निकिता : मामा पोचेल संध्याकाळपर्यंत. त्याला कुठे लग्न ठरवायचंय.

तात्याराव : आज चित्रही चालू ठेव. समोरासमोर बोललेलं बरं.

निकिता : त्याचं चित्र इकडे येऊ दे, त्याला अडचण नाही. तुमचं तिकडे पाठवायचं तर विचार करा. मी आवाजाला हमी दिलीये ती ठरावीक मापाची. त्या मापात आवाज आरामात बसतो. चित्रही त्यातच कोंबलं तर हमी गेली. पुढे सोडायच्या माणसालाही मर्यादा असते तात्या, नाहीतर तोच सगळी वाट अडवतो.

तात्याराव : मग माझं चित्र राहू दे. माझ्या चेहऱ्यावर काय बघायचंय त्याला? अकरा वाजले का?

निकिता : वाजतायत. तिकडे आत्ता कुठे सकाळ उजाडलीये, रविवारचा लवकर उठून बसलाय बिचारा. लावते. तात्या, नीट बोला.

तात्याराव : मी नेहमी नीटच बोलतो. लोक नीट ऐकत नाहीत.

राकेश : जयभीम काका.

तात्याराव : जयभीम, जयभीम. जेवलास का?

राकेश : नाही काका, इथे अजून चहा व्हायचाय.

तात्याराव : निकिता, उत्तर पटकन आलं.

निकिता : तात्या, त्याला ऐकू जातंय.

राकेश : काय झालं काका?

तात्याराव : काही नाही. चेतनच्या लग्नाचे फोटो मिळाले का तुला?

राकेश : मागच्या रविवारचे मिळाले. खूप आहेत. एक मामा फार फोटोंत आहेत.

तात्याराव : त्यांना 'बाजूला व्हा' म्हणायची कुणाची हिंमत नसते. राकेश, मागच्या वेळी एक प्रश्न विचारला होता, तो पुन्हा विचारतो. राग मानू नकोस. तिकडचं काम संपलं की निकितासाठी पुण्याला परत येशील?

राकेश : हो काका, येणार.

तात्याराव : इतक्या लवकर? काही विचार करशील की नाही?

निकिता : तात्या.

राकेश : काका, विचार आधीच झालाय. आई वारज्यात एकटी असते, मला यायचंच आहे. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो, नंतर फसवलं असं वाटायला नको. काम संपायला अजून दोन वर्षं आहेत. लग्न झालं तर तेवढे दिवस निकिताला इकडे यावं लागेल. तिची कंपनी इथल्या ऑफिसात पाठवायला तयार आहे. हे तिने तुम्हाला सांगितलं असेल.

तात्याराव : नाही सांगितलं.

निकिता : आज सांगणार होते, तात्या. आधी तुम्ही त्याला खरा माना, मग सांगायचं असं ठरवलं होतं.

तात्याराव : मी मागच्या रविवारी नीट विचारलं असतं तर मागच्या रविवारीच बोलला असता हा. मीच नीट विचारलं नाही.

राकेश : काका, मीही एक विचारू का?

तात्याराव : विचार.

राकेश : काकूंनी काल निरोप दिला, की तुमचा नकार आहे. खरं आहे का? तुम्ही द्याल ना मला निकिता?

(तात्याराव निकिताकडे बघतात.)

राकेश : हॅलो? काका? आवाज गेला का? निकिता, लाइन अडकलीये बहुतेक, मी पुन्हा लावतो.

निकिता : नको, ठेवू नकोस. लाइन चांगली आहे.

राकेश : मग?

निकिता : थांब जरा.

राकेश : थांबतो. किती वेळ लागला तरी थांबतो.

निकिता : तात्या, पाणी आणू का?

तात्याराव : नको, बस इथेच. राकेश, ऐकतोयस ना?

राकेश : ऐकतोय काका.

तात्याराव : माझा होकार आहे. पोरगी एवढ्या लांब जाणार हे एकदम ऐकलं, म्हणून बोलता आलं नाही. मी गप्प बसलो म्हणून माझ्या मनात काही दुसरं आहे असं समजू नकोस, बाबा.